आज औषध जोरदार मारलंय!

जुलैत पावसाची झड लागली की आम्हा पेस्ट कंट्रोलवाल्यांना वाणी किड्यांसाठी फोन यायला लागतात. बदलापूरकडची एक सोसायटी. जिन्याखाली, पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकमध्ये नुसते वाणीच वाणी. चपटे, काळपट, कडेला पिवळी झालर असलेले. वॉचमनने रात्रीच झाडून पेंटच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण दाबून ठेवलेलं.

मी झाकण काढलं आणि बदाम आइस्क्रीमचा वास आला. त्या वासाचं रसायन म्हणजे बेन्झाल्डिहाइड. वेटोळं करून बसणारे मोठे गोल वाणी हाताळले तर बोटं तपकिरी होतात, त्यांचं रसायन वेगळं. या चपट्यांच्या कडांना बारीक छिद्रं असतात, आतल्या ग्रंथीत मँडेलोनायट्राइल नावाचं रसायन साठवलेलं असतं. डिवचलं की ते एन्झाइममध्ये मिसळून फुटतं आणि बेन्झाल्डिहाइडसोबत हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. कडू बदामातही हीच जोडी निघते. एखाद्या वाण्याने माणसाला काही होत नाही, पण भरलेल्या डब्यात नाक घालू नये. मी डबा उचलून मोकळ्यावर नेला.

परत येतो तर वरच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आज औषध जोरदार मारलंय हो!" पंप अजून बाइकला बांधलेलाच होता.

घरात शिरलेला वाणी ओलाव्याविना एक-दोन दिवसांत आपसूक मरतो. त्याच्यासाठी लादीवर फवारा मारणं म्हणजे पैसे नाल्यात. खरं काम बाहेर: भिंतीला चिकटून साचलेला कुजका पालापाचोळा उचलायचा, कुंड्या हलवायच्या, दाराखालची फट ब्रश पट्टीने बंद करायची. दिवसभर तेच केलं. पण आमच्याच धंद्यातल्यांनी गिऱ्हाइकाला सवय लावलीय, नाकाला झोंबलं तरच काम झालं. काही जण तर वासापुरतं रॉकेल घालतात.

सेक्रेटरींना डबा दाखवून सगळं समजावलं. फवारणीच नाही म्हणून त्यांनी बिलातले निम्मे कापले. मी गप्प बसलो असतो तर पूर्ण मिळाले असते, हे अजून डोक्यातून जात नाही. चेक देताना वर म्हणाले, "पुढच्या वेळी तो बदामवालाच मारा, लोकांना आवडलाय."