थायरॉईड की पाळी जायची वेळ? माझ्या अंगात दोन्ही होतं

मागच्या वर्षी फेब्रुवारीत स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पंखे चालू केले आणि मी एकटी स्वेटर घालून बसले होते. सांगलीतला फेब्रुवारी म्हणजे दुपारी ऊन चटका देतं, तरी माझी बोटं गार. आणि त्याच महिन्यात रात्री तीनला मी घामाने चिंब होऊन उठायचे, गाऊन बदलायचे, पंखा पाचवर करायचे. दिवसा थंडी आणि रात्री वाफा, हे एकाच बाईला कसं होईल मला कळेना. म्हणून ज्याला त्याला विचारत सुटले आणि उत्तर एकच मिळालं, ४६ झालीस ना, वय झालं, पाळी जायची वेळ आली, सगळ्यांना होतं.

ते अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी जवळजवळ आठ महिने फुकट घालवले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी अक्काचं सांगते कारण तिच्यावरूनच मला अक्कल आली. अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, कोल्हापूरला असते. तिला त्याच्या आदल्या वर्षीपासून गरम व्हायचं, छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, पाळी मागेपुढे. आम्ही सगळ्यांनी, मी धरून, तिला सांगितलं की अगं मेनोपॉज आहे, सब्जा पी, शतावरी घे. ती सहा-सात किलोने उतरली तर नातेवाईक म्हणाले बघा किती छान बारीक झाली. खरं तर ती जेवत होती आधीपेक्षा जास्त! दिवाळीला तिच्याकडे गेले तेव्हा ती दारात रांगोळी काढत होती आणि तिची रेघ सरळ येईना, हात थरथरत होता, ज्या बाईची ठिपक्यांची रांगोळी बघायला गल्ली यायची तिचा. मी तिचं मनगट धरून नाडी मोजली तर शांत बसलेली असताना मिनिटाला ११२. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हे पाळीचं नाहीये.

रक्ताच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, आला ०.०१, नसल्यातच जमा. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, बराच वर. पुढच्या तपासण्यांत ग्रेव्हज निघालं, म्हणजे शरीरातल्याच अँटीबॉडी थायरॉईडला सारखं ढोसत राहतात आणि ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवत सुटते. कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन कमी करणारी गोळी, चालू झालं, धडधडीसाठी वेगळी गोळी. डॉक्टरांनी तिला एक गोष्ट बजावून सांगितली ती इथे लिहिते कारण कार्बिमाझोल घेणाऱ्या प्रत्येकीला माहीत पाहिजे, ताप आला किंवा घसा जोरात दुखायला लागला तर साधी सर्दी समजून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी गोळी थांबवून रक्ताची तपासणी करायची, कारण क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात.

आता तिचं गरम होणं आणि माझं रात्रीचं गरम होणं यात फरक काय होता ते आम्ही दोघी बहिणींनी नंतर बसून बोललो तेव्हा लक्षात आलं. तिला दिवसभर गरम. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत अंगाची लाही, तळहात ओले, पातळ चादर पण नको. माझं तसं नाही. माझी लाट येते. छातीतून सुरू होते, मानेवर, मग कानशिलं तापतात, चेहरा लाल, दोन-चार मिनिटं, मग घाम फुटतो आणि घाम वाळताना चक्क थंडी वाजते. लाट गेली की मी एकदम नॉर्मल. ही लाट म्हणजे हॉट फ्लॅश, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर व्हायला लागल्यामुळे मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र थोड्याशा उष्णतेने पण बिथरतं म्हणून येते. थायरॉईड जास्त झालं तर अशी येऊन जाणारी लाट नसते, अख्खी चूलच धगधगत असते. हा फरक कुणी आम्हाला वर्षभर आधी विचारला असता तर अक्काचं वर्ष वाचलं असतं. हे मला अजून लागतं मनाला.

धडधडीचं पण तसंच. फ्लॅश येताना छाती धडधडते, ती पाळीच्या वयात होते. पण पहाटे जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, चहा नाही काही नाही, तेव्हा नाडी शंभरच्या पुढे असेल आणि रोज तशीच येत असेल तर तपासणी लांबवू नका. चार-पाच दिवस मोजून कागदावर लिहा. याला पैसे लागत नाहीत, सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं.

अक्काचं निघाल्यावर तरी मी लगेच माझी तपासणी करायला हवी होती ना? केली नाही. कारण माझं सगळं तिच्या उलट होतं, मला वाटलं थायरॉईड म्हणजे तिच्यासारखं. माझं वजन चार किलो वाढलं होतं, केस न्हाणीच्या जाळीत गोळा होईपर्यंत गळत होते, टाचा आणि कोपरं खरखरीत, पोट दोन-दोन दिवस साफ नाही, सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. वर्गात शिकवताना आवाज घोगरा व्हायला लागला, मुलं विचारायची बाई सर्दी झाली का. आणि पाळी, ती पण इतकी जास्त जायला लागली की दुसऱ्या दिवशी शाळेत जायची भीती वाटायची. फॅमिली डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी वयाचंच सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. लोह कमी होतंच माझं, हिमोग्लोबिन ९.४. पण पाळी जास्त का जातेय हे त्यात राहूनच गेलं.

थायरॉईड कमी पडलं तर पाळी जास्त जाऊ शकते, थायरॉईड जास्त झालं तर उलट कमी जाते, आणि पेरिमेनोपॉजमध्ये, म्हणजे पाळी जायच्या आधीच्या काळात, काय वाटेल ते होतं, कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास दिवसांनी, कधी नुसतं लागल्यासारखं, कधी धो धो. म्हणून नुसत्या पाळीवरून ओळखता येत नाही. पण तारखा लिहिलेल्या असल्या तर डॉक्टरला पुष्कळ कळतं. आधी घड्याळ लावल्यासारखी येणारी पाळी या महिन्यात एक अंतर आणि पुढच्या महिन्यात सात किंवा जास्त दिवसांचा फरक असं सारखं व्हायला लागलं की ती पाळी जायच्या वाटेची सुरुवात धरतात. माझ्या कॅलेंडरवर बघितलं तर २५, ३४, २३, ३९. म्हणजे हे पण होतंच माझ्यात.

शेवटी मिरजेला एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पंधरा मिनिटं नुसतं विचारलं, मग म्हणाल्या टीएसएच, फ्री टी-फोर, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी), सीबीसी (रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), शुगर, बी-ट्वेल्व्ह करा. आणि विचारलं, केसांसाठी काही गोळ्या चालू आहेत का? पार्लरवालीने दिलेल्या होत्या, बायोटिनच्या, जास्त डोसच्या. त्या म्हणाल्या आधी त्या बंद करा, तीन दिवस जाऊ देत, मग रक्त द्या. बायोटिनने थायरॉईडच्या बऱ्याच टेस्टचे आकडे चुकतात, टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. केस गळतात म्हणून आपण बायोटिन घेतो, आणि केस कशाने गळतात ते शोधणारी टेस्टच त्याने बिघडते! मैत्रिणींनो हे नक्की लक्षात ठेवा, मल्टीव्हिटॅमिनच्या डबीवर पण बघा.

लॅबवाल्याने मेनोपॉजचं पॅकेज पण पुढे केलं होतं, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) वगैरे. डॉक्टर म्हणाल्या तुमच्या वयात त्यावर पैसे घालवू नका, पंचेचाळीशीनंतर पाळीचा इतिहास आणि त्रास यावरूनच ठरवतात, एफएसएच या काळात एका महिन्यात वर तर पुढच्या महिन्यात खाली असतं, एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे तपासण्या लागतातच.

माझा टीएसएच आला १४.२, आणि अँटी-टीपीओ वाढलेलं. टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाही, हे मला त्या दिवशी समजलं. ते मेंदूतल्या पिट्युटरीकडून येतं. थायरॉईड कमी काम करायला लागली की पिट्युटरी ओरडते, अगं कर ना काम, आणि टीएसएच वाढतो. म्हणून थायरॉईड कमी तर टीएसएच जास्त, अक्काचं थायरॉईड जास्त तर तिचा टीएसएच जवळजवळ शून्य. सांगलीच्या निम्म्या बायका "माझा थायरॉईड वाढलाय" म्हणतात तेव्हा त्यांना टीएसएच वाढलाय म्हणायचं असतं, म्हणजे थायरॉईड कमी. हा घोळ एकदा सुटला की रिपोर्ट वाचता येतो.

थायरॉईडची कमी भरून काढणारी गोळी चालू झाली, ५० मायक्रोग्रॅम. दोन महिन्यांनी टीएसएच ७.८. कमी झाला पण डॉक्टरांना हवा तेवढा नाही. कशी घेता विचारलं, तर मी सकाळी चहाबरोबर घेत होते आणि त्यासोबतच कॅल्शियम आणि लोहाची गोळी, एकदाच सगळं उरकून टाकायचं म्हणून. ते चुकीचं. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग किमान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम आणि लोह चार तास लांब. आता मी उठल्या उठल्या गोळी घेते, आंघोळ पूजा डबा करते, मग चहा. लोह दुपारी, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. डोस तोच ठेवून पुढचा टीएसएच २.४ आला.

आणि फरक पडला हो! बोटं गार पडणं गेलं, पोट साफ व्हायला लागलं, पापण्यांची सूज उतरली, आवाज माझा मला परत मिळाला, पाळी पण आटोक्यात आली. वजन मात्र दीडच किलो उतरलं. थायरॉईड कमी असल्याने वाढणारं वजन थोडंच असतं, बरंचसं पाणीच, त्यामुळे गोळी चालू केली की दहा किलो उतरतील ही आशा कुणी ठेवू नका.

पण रात्रीचे तीन काही चुकेनात. घाम तसाच, झोप तशीच मोडकी, गुडघे आणि बोटांचे सांधे आखडलेले, शब्द जिभेवर येऊन अडकायचे, पस्तीस मुलांची नावं पाठ असणारी मी दोन मुलांची नावं विसरले. आणि एक गोष्ट जी आपण कुणाला सांगत नाही, खालचा कोरडेपणा, लघवीला जळजळ, नवऱ्याजवळ जायला नको वाटणं. मी डॉक्टरांना म्हटलं गोळी वाढवून द्या, ७५ची द्या, अजून बरं वाटेल.

त्यांनी दिली नाही. म्हणाल्या तुमचा टीएसएच २.४ आहे, थायरॉईडचं काम झालंय, हे राहिलंय ते पेरिमेनोपॉजचं आहे आणि ते थायरॉईडच्या गोळीने जाणार नाही. उलट गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं झिजतात, आणि इस्ट्रोजेन कमी होत जाण्याचं हे वय असं की हाडं आधीच झिजायला लागलेली असतात, त्यात आपण हाताने भर कशाला घालायची. मला त्यांचं हे इतकं पटलं. कारण माझ्या ओळखीत अशा बायका आहेत ज्या घाम आणि झोपेसाठी थायरॉईडचा डोस स्वतःच वाढवत बसल्यात, आणि अशाही आहेत ज्यांचा टीएसएच एकदाच ५.६ आला आणि तेव्हापासून गुडघेदुखीपासून भांडणापर्यंत सगळं थायरॉईडवर ढकलतात. एवढा थोडासा वाढलेला टीएसएच दोन-तीन महिन्यांनी परत केला तर पुष्कळदा आपोआप खाली आलेला असतो.

कोरडेपणासाठी त्यांनी लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, आणि घाम-झोपेसाठी हार्मोनचा विचार करू म्हणाल्या. आधी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बीपी, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गुठळी झाली होती का, सगळं विचारलं, कारण हे प्रत्येकीला चालत नाही. मला इस्ट्रोजेनचं जेल दिलं, हाताला चोळायचं, आणि गर्भाशय आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन. तोंडाने इस्ट्रोजेन घेतलं तर थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवावा लागू शकतो, जेल किंवा पट्टीने सहसा लागत नाही, म्हणून थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी मेनोपॉजच्या डॉक्टरला ते आवर्जून सांगायचं. दोन डॉक्टर वेगळे असतील तर दोघांना दोन्ही फायली दाखवायच्या.

जेल चालू करून पाचवा आठवडा लागलाय. घाम आठवड्यातून एखाद-दोन रात्री. परवा सलग सहा तास झोपले आणि सकाळी अलार्म वाजला तेव्हा मला कळेना हा कसला आवाज.

अक्का पण ठीक आहे, नाडी ७८ वर आली, वजन भरतंय, यंदाच्या पाडव्याची रांगोळी तिने फोटो काढून पाठवली, कासव आणि कमळं, एक पण ठिपका हललेला नाही. गंमत अशी की थायरॉईड शांत झाल्यावर तिला आता लाटा यायला लागल्यात, खऱ्या, छातीतून वर चढणाऱ्या. तिने स्वतःच ओळखल्या.

आणि काल रात्री इस्लामपूरहून धाकट्या जावेचा फोन. ४४ची आहे. म्हणाली ताई मला हल्ली फार गळल्यासारखं होतं, सासूबाई म्हणतात वय झालं. मी विचारलं मागच्या चार पाळीच्या तारखा सांग, गरम होतं ते लाटेसारखं की दिवसभर, केसांच्या कसल्या गोळ्या घेतेस का, आणि उठल्यावर नाडी किती असते. ती म्हणाली थांबा ताई, कॅलेंडर भिंतीवरनं काढून आणते, नाडी उद्या उठल्या उठल्या मोजून कळवते.