तुम्ही विचारलंत म्हणून : अंग सैल, तर ठोशात जोर कुठून?

जळगावात बॉक्सिंग शिकवताना पालक मला हमखास विचारतात, "सर, अंग सैल सोडलं तर ठोशात जोर कुठून येणार?" प्रश्न रास्त आहे, विशेषतः खानदेशात, जिथे बरीच मुले तालमीतून आमच्याकडे येतात. कुस्तीत धरलेले मनगट सुटू द्यायचे नसते. तीच सवय घेऊन मुलगा बॅगेसमोर उभा राहतो आणि ग्लोव्हजमधली मूठ पहिल्यापासून आवळून धरतो. (मुरलेला पैलवानही सतत ताठ नसतो, हे कोणताही वस्ताद सांगेल.)

अशा वेळी त्याच्या दंडाकडे पाहावे. कोपर सरळ करण्याचे काम मागच्या ट्रायसेप्सचे असते. पुढचा बायसेप्सही त्याच वेळी आवळलेला असेल, तर तो ठोशाला मागे ओढत राहतो आणि मुलगा स्वतःच्याच हाताशी झुंजतो. खांदे कानांकडे चढतात, ठोशाचा सुगावा समोरच्याला आधीच लागतो, श्वास कोंडतो आणि 3 मिनिटांच्या पहिल्याच फेरीत धाप लागते; आमच्या मे महिन्यात तर त्याहूनही लवकर.

मात्र सैल म्हणजे ढिला नव्हे. शरीराच्या हालचालींचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिश्र मार्शल आर्ट्सच्या कसलेल्या खेळाडूंच्या स्नायूंची विद्युत-क्रिया मोजून 2010 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत काही स्नायू एका फटक्यात दोनदा आवळलेले दिसले : फटका निघताना आणि तो लागताना. मधल्या प्रवासात ते सैल पडत, म्हणून वेग मिळे. लागताना पुन्हा कडक होत, म्हणून शरीराचे वजन फटक्यामागे उभे राही. त्या क्षणी मूठ आवळली नाही तर मनगट मुडपते, हे वेगळेच. शिवाय हनुवटी खाली आणि जबडा माउथगार्डवर मिटलेला हवाच. त्यांना सैलपणाची सवलत नाही.

"सैल हो" असे ओरडल्याने कोणी सैल होत नाही. माझ्या मते ती सूचनाच निरुपयोगी आहे. मी मुलांना संथ शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, करायला लावतो आणि प्रत्येक ठोशाबरोबर श्वासाचा लहानसा फुत्कार सोडायला सांगतो, कारण श्वास बाहेर पडत असताना खांदे वर ताणून धरणे अवघड जाते. सरावाच्या लढतीत भीतीने अंग पुन्हा आखडते, तेव्हाही मी आधी श्वासाकडेच पाहतो. म्हणून रिंगणाबाहेरून "जोरमा मार!" अशा आरोळ्या ठोकणाऱ्या वडिलांना माझी विनंती असते की, ओरडायचेच असेल तर "श्वास सोड" असे ओरडावे.