बाजारच्या दिवशीची प्रार्थनासभा

आमच्या चर्चच्या मंडळीत महिला मंडळ नावापुरतं होतं. नाताळ आला की चर्च झाडायचं, करंज्या लाटायच्या, पाहुण्यांना चहा द्यायचा, तेवढ्यापुरती बायकांची आठवण व्हायची. नवीन पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बदलून आले आणि मला म्हणाले, "बाई, शाळेतून निवृत्त झालात, आता हे मंडळ उभं करा." मी लगेच हो म्हटलं. ही गरज मला फार दिवसांपासून दिसत होती. नवऱ्याने टाकलेली, नवरा गेलेली, मुलं पुण्याला कंपनीत आणि इथे एकटीच राहिलेली; रविवारी सगळ्या एका बाकावर बसायच्या, उपासना संपली की सलाम करून आपापल्या वाटेला. शेजारणीच्या घरात काय चाललंय, कोणाला पत्ता नसायचा.

पहिला प्रश्न वेळेचा. शनिवारी दुपारी जमू, असं एक-दोघी म्हणाल्या. पण आमच्या कितीतरी बायका रोजाने जातात. पावसाळा सरला की कांद्याची लागवड, मग खुरपणी, मग काढणी. सकाळी टेम्पो घेऊन जातो, दिवस मावळताना आणून सोडतो, त्यानंतर चूल. अशा बाईला "सभेला का आली नाहीस?" विचारायचा हक्क कोणाला आहे? आमचा बाजार गुरुवारी असतो. त्या दिवशी मजूर कामाला जात नाहीत, मजुरीचे पैसे हातात आलेले असतात. म्हणून सभा गुरुवारी दुपारी २ ते ३. बायका पिशव्या घेऊनच येतात, आणि ३ वाजता शेवटचा आशीर्वाद होतो म्हणजे होतोच, कारण उशीर झाला तर चांगली भाजी संपते. मंडळ टिकलं ते यामुळे, असं माझं ठाम मत आहे. कार्यक्रम कितीही छान आखा, तिच्या दिवसात तो बसत नसेल तर तिच्यासाठी तो नाहीच.

अध्यक्ष कोण, यावर बरीच चर्चा झाली. पद्धत अशी की पाळकांच्या पत्नी अध्यक्ष. पण पाळकांची बदली होते, सामानाच्या ट्रकबरोबर अध्यक्षही जातात आणि मंडळ पुन्हा शून्यावर येतं. आमच्या पाळकांच्या मॅडमनी स्वतःच सांगितलं, मी सभासद राहते. आता अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार गावातल्याच, दोन वर्षांसाठी.

सुरुवातीचा अभ्यास आम्ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायावर घेतला. मग्दालीया मरीया, हेरोद राजाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना. या बायका येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या आणि आपल्या जवळच्या पैशाने ती सेवा चालवत होत्या. कांद्याच्या शेतात राबणारी एक मावशी एकदम म्हणाली, "म्हणजे खर्च बायकाच करत होत्या की!" त्या दिवशी सगळ्या बोलायला लागल्या. वाचता येणाऱ्या मुली वचन वाचतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्या आज्यांना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं चालीसकट पाठ आहेत, त्या मुलींना शिकवतात. पेटी नाही, टाळ आहेत, पुरे होतात.

प्रार्थना वहीबद्दल मात्र मी कडक आहे. शंभर पानी वही, त्यात तारीख आणि विनंती. नाव लिहायचं नाही. "मुलाची नोकरी", "घरातलं दारूचं व्यसन", "गुडघ्याचं ऑपरेशन", एवढंच. कोणाचं आहे ते बसलेल्यांना कळतं आणि तिथेच राहतं. बाहेर बोललेलं कानावर आलं तर अध्यक्ष तिच्या घरी जाऊन समजावतात. घरातलं दुखणं उघड करायला बाईला किती धीर लागतो! तो एकदा मोडला की ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

पैशाचं विचाराल तर आम्ही कर्ज देत नाही. "बचत गट आहे का?" असं प्रत्येक नवीन बाई विचारते. बचत गट गावात आहेत, चांगले आहेत, पण हप्ता थकलेली बाई प्रार्थनेला यायची बंद होईल, ते मला नको. आमच्याकडे मातीचा गल्ला आहे. त्यामागे एक गोष्ट आहे. १९५६ साली शांती सॉलोमन नावाच्या आपल्या भारतीय ख्रिस्ती बाई आशियातल्या युद्धाने पोळलेल्या देशांत महिलांच्या पथकाबरोबर निघाल्या होत्या. कोरियाचा व्हिसा त्यांना मिळाला नाही, त्या फिलिपिन्समध्येच मागे राहिल्या. प्रार्थनेला सीमा अडवत नाही, हे तिथे त्यांच्या मनाने घेतलं. प्रत्येक बाईने प्रार्थना करताना आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवावं, ही त्यांची कल्पना, आणि ती कितीतरी देशांत पोचली. श्रीमंतीण आणि गरीब दोघींचं नाणं सारखंच, हे मला फार भावतं. आठ आणे आता दुकानदार घेत नाही, म्हणून आमचं नाणं रुपयाचं. घरी कोणाशी बिनसलं असेल तर त्या माणसाचं नाव मनात घेऊन रुपया टाकायचा, असं आम्ही ठरवलंय. सासूच्या नावाने टाकणाऱ्या बऱ्याच आहेत, आणि सुनेच्या नावानेही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या बायका त्या दिवसाची उपासना तयार करतात. २०२५ची कूक बेटांवरच्या बहिणींनी बायबलमधल्या स्तोत्र १३९ वर केली होती. नकाशात ती बेटं शोधायला आम्ही शाळेतला पृथ्वीगोल मागून आणला. मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाच्या) आणि कॅथलिक चर्चच्या बायकांनाही बोलावलं. एकाच गल्लीत राहून आम्ही एकमेकींच्या चर्चमध्ये कधी बसलो नव्हतो. पुढची सभा मुक्तिफौजेच्या हॉलमध्ये घ्यायचं ठरलंय. चहा त्यांचा, भजनं आमची.