टेबलाच्या पायाखालची चिप

बेळगावात रविवारी सकाळी सहाला कोणी गाडीला किक मारताना दिसला की शेजारी विचारतातच, "काय, गोव्याला काय?" मी होय म्हणतो आणि सुटतो, पण मी काही गोव्यापर्यंत जात नाही. माझा प्रवास जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत, फार तर चोर्ला घाटाच्या तोंडापर्यंत. कारण शनिवारी संध्याकाळी याच रस्त्यानं गाड्या भरभरून पणजीला उतरतात, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर रात्रभर जुगार खेळतात आणि रविवारी सकाळी त्याच गाड्या डोळे लाल करून वर येतात, टपरीवर थांबतात, चहा मागतात, आणि पैसे काढायला खिशात हात घातला की एखादी चिप निघते, म्हणजे खेळताना पैशाऐवजी लावायची ती गोल चकती, जी काउंटरवर परत करायची राहून गेली. मी त्या चिपच्या मागावर असतो.

आता हा छंद आमच्या घरी कोणालाच कळलेला नाही. आईनं एकदा मसाल्याच्या जुन्या डब्यात सतरा-अठरा चिप्स बघितल्या आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खरं सांग, खेळूलालैस काय तू?" म्हटलं अगं नाही, जमवतोय, पोस्टाची तिकिटं जमवतात तसं. ती म्हणाली तिकिटाला निदान पोलीस धरत नाहीत. मुद्दा बरोबर होता तिचा, कर्नाटकात जुगाराला धरतातच, म्हणून मी खेळणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. बरं, चिप मुळात कॅसिनोच्या मालकीची, ती परत करून पैसे घ्यायचे असतात, आठवण म्हणून घरी न्यायची वस्तू नव्हे. पण माणसं नेतात, जगभर नेतात, म्हणून तर हा छंद जन्माला आला. अमेरिकेत तर १९८८ पासून चिपा-टोकन जमवणाऱ्यांचा क्लबच आहे.

जांबोटीपर्यंत रस्ता कोरडा होता. पुढं झाडी दाट झाली तशी पावसानं गाठलंच, रेनकोटच्या आतनं पाणी, बुटात पाणी, आणि कणकुंबीला पोचलो तेव्हा समोरचं माऊलीचं देऊळ पण धुक्यात अर्धंच दिसत होतं. मलप्रभा इथूनच निघते आणि पूर्वेला जाते. आणि आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होते, आणि तिच्या पाण्यावर ते कॅसिनो तरंगतात. म्हणजे पाणी आपल्या तालुक्यातनं जातं आणि मागोमाग आपल्या तालुक्यातली माणसं पगार घेऊन जातात. असो.

नेहमीच्या टपरीत बसलो. टपरीवाल्या मामांना माझा नाद माहीत आहे, ते कोणी काय विसरलं तर बरणीत टाकून ठेवतात. त्या दिवशी बरणीत तीन निघाल्या. त्यातल्या दोन बघताक्षणी बाजूला केल्या, कारण त्या ऑनलाइन पत्त्यांच्या सेटबरोबर येतात त्या, कडेला फाशाची चित्रं आणि आत लोखंडी चकती. आमच्याकडे गणपतीत जागरणाला तीन पानी खेळताना प्रत्येक मंडळात हाच डबा असतो. तिसरी खरी होती पण तिला मधोमध भोक. इथं मला जरा आशा लागली, कारण कॅसिनो एखादी चिप बाद करतं तेव्हा कधी कधी भोक पाडून किंवा कडेला खाच मारून बाद करतं. तेवढ्यात मामा म्हणाले, "ती त्या टॅक्सीवाल्याची हो, किल्लीला लावून फिरत होता, कडी तुटली म्हणून टाकून गेला." झालं. ड्रिल मशीननं पाडलेलं भोक. भोकाची चिप तशीही बिनभोकाच्या चिपपेक्षा कमी किमतीची, आणि हे भोक तर कॅसिनोचं पण नाही.

चहा आला. कप ठेवला तर टेबल डुललं नाही. ही गोष्ट मला खटकली, कारण हे टेबल गेली तीन वर्षं डुलतंय, मागच्या खेपेला माझी अख्खी भजी सांडली होती. वाकून बघितलं तर मागच्या डाव्या पायाखाली काहीतरी गोल. मोबाईलचा टॉर्च लावला. चिखल होता, पण कडेला दोन रंगांचे पट्टे दिसत होते, आणि ते पट्टे वरून रंगवलेले नव्हते, आतपर्यंत गेलेले होते. चांगल्या चिपची पहिली ओळख हीच, कडेचा रंग मालातच दाबून बसवलेला असतो, नख लावलं तरी फरक लागत नाही, छापील चिपला मात्र कडेला नख अडकतं.

"मामा, ही कुठली?"

"कुठली म्हणजे, पायाखालची."

"मला देता?"

"घे की. पण टेबल डुललं तर गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतंय. तेवढ्याच जाडीचं काहीतरी दे बदली."

आता तेवढ्या जाडीचं काय देणार? पुठ्ठा पावसात भिजतो. शेवटी खिशातली १० रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून बघितली, जवळजवळ बरोबर बसली. मामा हसले, म्हणाले बरं झालं, तसंही १० चं नाणं इकडं कोणी घेत नाही. म्हणजे व्यवहार २० रुपयांत मिटला. चिपवर आकडा १०० चा होता, आणि त्यावरचं नाव आता मांडवीत कुठल्याच बोटीवर नाही.

ही नावाची गोष्ट नीट सांगायला पाहिजे, किंमत तिथंच ठरते. जी बोट चालू आहे तिची चिप म्हणजे रोकड, काउंटरला दिली की पैसे, म्हणून जमवणारा तिला छापील किमतीपेक्षा फार वर नेत नाही. पण बोटींची नावं, मालक बदलतात, कॅसिनो रॉयल गेलं आणि २०१३ ला डेल्टिन रॉयल आलं तसं. नाव गेलं की जुनी चिप काउंटरला चालेनाशी होते, आणि मग प्रश्न एकच, बाहेर किती राहिल्या. लास वेगासमध्ये तर नियमच आहे की कॅसिनो बंद पडलं की ठरावीक मुदतीत चिपा परत घ्यायच्या आणि गोळा झालेल्या नष्ट करायच्या. म्हणजे तिथल्या बंद कॅसिनोची जी चिप आज कोणाच्या कपाटात आहे, ती कोणीतरी परत करायची विसरलेली चिप आहे. जिथं विसरभोळे कमी तिथं किंमत जास्त.

गोव्यात अजून असा जुना साठा फार नाही. १९९२ साली कायद्यात बदल करून पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांना, परवानगी मिळाली, १९९६ ला बोटींना. आणि आता चिप विकत घेतानाच कर कापला जातो, ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. त्यामुळे खिशात चिप विसरणारे पण कमी होणार असं माझं गणित आहे, इतकं महाग घेतलेलं माणूस शेवटच्या चकतीपर्यंत मोजून परत करतो.

परत आलो ते थेट शहापूरच्या सराफ गल्लीत. ओळखीचे एक काका आहेत, सोन्याच्या काट्यावर मला चिप तोलू देतात, गिऱ्हाईक नसेल तर. धुतली, पुसली, ठेवली. काट्यावर ९.६ ग्रॅम. चांगल्या कंपोझिट चिपा, म्हणजे मिश्र माल दाबून केलेल्या, साधारण ९-१० ग्रॅमच्या असतात, व्यास ३९ मिलिमीटर. त्या फाशाच्या चित्रवाल्या ११.५ ग्रॅमच्या म्हणून विकतात. लोकांना वाटतं जड म्हणजे भारी, इथं उलटं आहे. काकांनी भिंगातनं बघितली आणि म्हणाले, "मधला स्टिकर एका बाजूनं दबलाय बघ." दबलाय म्हणजे काय, टेबलाचा पाय बसलेला त्यावर. एका बाजूला अर्धचंद्रासारखा खड्डा. माझा चेहरा उतरला, कारण चिपची अवस्था हा किमतीचा अर्धा भाग असतो, कडा टोकदार पाहिजेत, नक्षी घासलेली नको, मधला कागद सपाट पाहिजे. माझी एक बाजू चांगली आणि एक बाजू टेबलाची.

काकांनीच मग माझी जुनी चूक काढली, ती काढतातच दर वेळी. कॅम्पातल्या एका मित्राचे मामा क्रूझ जहाजावर होते, त्यांनी अमेरिकेतनं आणलेलं १० डॉलरचं टोकन मला दिलं होतं, बाहेर पितळी कडं आणि आत चांदी, वर शुद्ध चांदीचा ९९९ चा शिक्का. अशी चांदीची टोकनं १९९२ पासून स्लॉट मशीनमधनं बक्षीस म्हणून पडायची, नंतर मशीन कागदी तिकीट द्यायला लागली आणि टोकनांचा खणखणाट संपला. तर ते टोकन मी देवाच्या तांब्याबरोबर चिंच आणि मीठ लावून घासलं. चकचकीत झालं, आईला फार आवडलं. काकांनी हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आता याची चांदीचीच किंमत राहिली."

म्हणून टेबलाखालची चिप मी नुसत्या पाण्यानं धुतली. पट्ट्यातला चिखल अजून थोडा आहे, राहू दे. आईच्या मसाल्याच्या डब्यात गेली नाही ती, प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात घालून कपाटात आहे.

तीन आठवड्यांनी परत कणकुंबीला गेलो. कप ठेवला आणि चहा बशीत. खाली बघितलं तर नाणी गायब. मामांना विचारलं तर म्हणाले, "कोणीतरी गोव्यावरनं येताना घेऊन गेला वाटतं. त्याच्याकडं बसच्या तिकिटाला पण पैसे नव्हते."