मातकट पाणी

परतीच्या पावसाने मराठवाडा झोडपला त्या आठवड्यातली गोष्ट. तलाव काठोकाठ भरून सांडवा वाहत होता. पहाटे चौकीदार नानांचा फोन आला, "सायेब, टाचंला पाणी मातकट यायलंय." टाच म्हणजे धरणाचा खालच्या बाजूचा पायथा.

मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच. नितळ असेल तर मोजायचा, वहीत लिहायचा, लक्ष ठेवायचं. मातकट झाला म्हणजे पाणी भरावातली माती घेऊन बाहेर पडतंय. ती पोकळी आत सरकत जलाशयाला भिडली की धरण वाचत नाही.

तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावरचा, उंची ९ मीटर. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागतो. आमचं त्यात नाही. चौकीदार आहे हेच नशीब.

विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या वाटेच्या, उजव्या अंगाला मनगटाएवढी धार होती. पोरं मातीच्या गोण्या घेऊन ती बुजवायला निघालेली. ओरडून थांबवलं. तोंड दाबलं तर पाणी शेजारून फुटतं. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. एकाच्या घराच्या बांधकामाची वाळू उचलली. धारेवर आधी वाळू, वर बारीक खडी, मग जाड खडी, शेवटी दगड. पातळी उतरवायला विमोचकाचं गेट उघडायचं, तर ते गंजून बसलेलं. वंगणाचा खर्च दरसाल कागदावर दिसतो! चाकाला पाइप अडकवून चौघांनी जोर लावला तेव्हा कुठे हललं. तोवर सरपंचांनी खालची वस्ती शाळेत हलवली होती.

दुपारपर्यंत नाना स्टीलच्या पेल्यात पाणी धरून बघत राहिले. हळूहळू तळाशी गाळ बसेनासा झाला.

"खेकड्यांनी पोखरलं असंल," गर्दीतून आलंच. २ जुलै २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनीच खेकड्यांवर खापर फोडलं होतं. लोकांच्या तोंडी तेच बसलंय.

उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तिथला भराव उकरला. खेकडा एकही नाही. उतारावरची बाभूळ कधीतरी तोडलेली, बुंधा तसाच मातीत. त्याचं मूळ कुजून विमोचकाच्या कडेने लांबलचक नळी झालेली. पुढच्या अंदाजपत्रकात बुंधे मुळासकट काढून खड्डे थराथराने माती टाकून धुमसायचं, म्हणजे ठोकून घट्ट करायचं, काम धरलंय. अजून मंजुरी नाही.