फिशटँकच्या वायरी आणि पाणी

फिल्टर, हीटर, एअर पंप, लाइट. साध्या टँकच्याही चार वायरी होतातच. खरा धोका म्हणजे वायरीवरून ओघळत थेट प्लगमध्ये शिरणारा थेंब. म्हणून प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्या. झोळाचा तळ सॉकेटपेक्षा निदान 10 सेंटिमीटर खाली हवा. थेंब तिथेच लोंबतो आणि खाली पडतो. वायरी नीटनेटक्या बांधण्याच्या नादात नेमका हाच झोळ ताणला जातो, तेवढं टाळा.

एक्स्टेन्शन बोर्ड टँकखाली जमिनीवर नको. स्टँडच्या बाजूच्या उभ्या फळीवर स्क्रूने पक्का बसवा. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच. नुसता एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, माणसाला शॉकपासून वाचवत नाही.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, जमत नसेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) घाला. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

प्रत्येक प्लगवर नावाची चिठ्ठी चिकटवा. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून 15-20 मिनिटं निवू द्या. पाण्याबाहेर उघडी पडलेली गरम काच तडकते. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळेच प्लग काढा.