तुम्ही विचारलंत म्हणून: क्रायफ नाही, ग्वार्दिओला नाही, डॉन पॅत्रिसिओ

कोल्हापुरात फुटबॉलच्या नादी लागलेल्या माणसाला एक प्रश्न काही चुकत नाही. "बार्सिलोनाचा सगळ्यात मोठा मॅनेजर कोण? क्रायफ की ग्वार्दिओला?" शाहू स्टेडियमच्या गॅलरीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. मी पॅट्रिक ओ'कॉनेल म्हणतो, आणि समोरचा म्हणतो, "हा कोण?" म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

ओ'कॉनेल आयर्लंडचा, जन्म १८८७ चा. बेलफास्ट सेल्टिक, शेफिल्ड वेन्सडे, हल सिटी असं करत १९१४ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. त्याच वर्षी आयर्लंडनं इंग्लंडला त्यांच्याच देशात ३-० नं हरवलं आणि ब्रिटिश देशांची स्पर्धा पहिल्यांदाच एकट्यानं जिंकली. कर्णधार हाच. खेळाडू म्हणून त्याच्या नावावर एक डागही आहे. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. निकाल २-० असा आधीच ठरलेला होता, त्यावर पैसे लागले होते, आणि ओ'कॉनेलनं मारलेली पेनल्टी गोलपासून कितीतरी लांबून गेली. दोन्ही संघांचे मिळून सात खेळाडू पुढे बंदीत अडकले, त्यात तो नव्हता. पण त्याला काहीच माहीत नव्हतं, हे मला पटत नाही.

१९२२ मध्ये तो स्पेनमध्ये सांतांदेरला मॅनेजर म्हणून गेला आणि तिथून त्याचं खरं काम सुरू झालं. लोक त्याला आदरानं डॉन पॅत्रिसिओ म्हणू लागले, स्पॅनिशमधला 'डॉन' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. पुढे सेव्हिलमधल्या बेटिसला त्यानं जे करून दाखवलं, त्याला तोड नाही. हा दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा पहिल्या श्रेणीत पोहोचलेला पहिला संघ, माद्रिद-बिल्बाओपुढे त्याचा कसला निभाव लागणार असं सगळ्यांना वाटायचं. ओ'कॉनेलनं आधी बचाव बांधला. गोलकीपर उर्कियागा, त्याच्यापुढे आरेसो आणि आएदो, तिघेही उत्तर स्पेनमधले बास्क. १९३४-३५ च्या हंगामात २२ सामन्यांत बेटिसनं फक्त १९ गोल खाल्ले. शेवटचा सामना सांतांदेरमध्ये, त्याच्याच जुन्या संघाशी. बेटिसनं तो ५-० असा जिंकला आणि माद्रिदला एका गुणानं मागं टाकून लीग पटकावली. त्यानंतर बेटिसला आजवर लीग मिळालेली नाही.

मग तो बार्सिलोनाचा मॅनेजर झाला. जून १९३६ मध्ये वॅलेन्सियात स्पॅनिश कपची फायनल, समोर माद्रिद. माद्रिदच्या दोन गोलांपैकी एक लेक्युएचा, म्हणजे बेटिसमध्ये ओ'कॉनेलच्याच हाताखाली खेळलेल्या पोराचा. २-१ असताना अगदी शेवटी बार्सिलोनाच्या एस्कोलानं जवळून फटका मारला. माद्रिदचा गोलकीपर झामोरा झेपावला, धुरळा उडाला, काही दिसेना. धूळ बसली तेव्हा चेंडू झामोराच्या हातात होता.

महिन्याभरात स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये क्लबचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घालून मारलं. ओ'कॉनेल तेव्हा सुट्टीवर आयर्लंडला होता. तिथंच राहिला असता तरी त्याला कुणी बोल लावला नसता. तो परत आला. १९३७ मध्ये मेक्सिकोहून दौऱ्याचं बोलावणं आलं, १५,००० डॉलर आणि सगळा खर्च. तो संघ घेऊन मेक्सिकोला आणि तिथून न्यूयॉर्कला गेला. बरेच खेळाडू परतलेच नाहीत, कुणी मेक्सिकोत राहिले, कुणी फ्रान्समध्ये, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? मोजक्या लोकांबरोबर ओ'कॉनेल बार्सिलोनात परतला. कमावलेले पैसे क्लबचे सचिव काल्वेत यांनी पॅरिसच्या बँकेत ठेवले होते, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. क्लब तगला तो या पैशांवर.

आता जे सांगितल्याशिवाय मला हे नाव घेता येत नाही, ते. बायको आणि चार मुलांना इंग्लंडमध्ये सोडून तो स्पेनला गेला होता. अधूनमधून पैशांचं पाकीट यायचं, आत पत्र नसायचं. सेव्हिलमध्ये त्यानं दुसरं लग्न केलं, पहिलं मोडलेलं नसताना. वर्षांनंतर मुलगा शोधत शोधत तिथं पोहोचला, तर बापानं चारचौघांत त्याची ओळख "माझा पुतण्या" अशी करून दिली. हे वाचलं की मला त्याचा राग येतो. १९५९ मध्ये तो लंडनमध्ये कफल्लक अवस्थेत गेला. केन्सल ग्रीनमधल्या त्याच्या कबरीवर कित्येक वर्षं नावसुद्धा नव्हतं.

हे ऐकल्यावर लोक विचारतात, मग असल्या माणसाचं नाव का घेता? तर प्रश्न मॅनेजरचा आहे. क्रायफला आणि ग्वार्दिओलाला चालता क्लब मिळाला, पैसा मिळाला, खेळाडू मिळाले. ओ'कॉनेलकडे अध्यक्ष उरला नव्हता, अर्धा संघ पांगला होता, शहरावर बॉम्ब पडत होते, आणि तरीही तो परत येऊन त्या जागेवर उभा राहिला. बाप म्हणून तो नालायक ठरला, पण मॅनेजर म्हणून मी अजून तरी त्याच्या वर कुणाला ठेवलेलं नाही.